आपला गोन्सालो, वसईचा

(दृश्य: वरून वसईचा किल्ला, खाडीत मासेमारीच्या होड्या)

1739 साली चिमाजी अप्पांनी जिंकलेला हा किल्ला शाळेतच सगळ्यांना ठाऊक होतो. त्याआधी सुमारे एकशे ऐंशी वर्षं, पोर्तुगीज अमदानीत, याच वसईत एक मुलगा जन्मला. बाप पोर्तुगीज, आई इथलीच. नाव गोन्सालो गार्सिया.

(दृश्य: सणाची मिरवणूक. तांबडी लुगडी, खांद्यावर संताची मूर्ती. निवेदन थांबेल, बँड वाजू द्यावा.)

गोन्सालो येशूसंघाच्या, म्हणजे जेझुइट या ख्रिस्ती धर्मगुरूंच्या संघाच्या, फादरांकडे शिकला आणि पंधराएक वर्षांचा असताना त्यांच्याबरोबर जपानला गेला. तिथली भाषा त्याने अशी उचलली, की जपानी लोकांना धर्मशिक्षण द्यायला हाच पुढे. पण संघात काही त्याला घेतलं नाही. का, ते इतिहासकारांनी सांगावं. त्याची आई इथली होती, एवढं वसईकर विसरत नाहीत. मग गडी व्यापारात शिरला. जम बसला, पैसा आला. तो सगळा सोडून मनिलाला गेला आणि फ्रान्सिस्कन या दुसऱ्या ख्रिस्ती संघात शिरला. फादर नव्हे, साधा ब्रदर. 1593 मध्ये पेद्रो बाप्तिस्ता या फादरांबरोबर तो पुन्हा जपानला आला. जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्यापुढे शब्द फादरांचे होते, जपानी मात्र गोन्सालोची.

(दृश्य: नागासाकी, निशिझाका टेकडीवरचे ब्रॉन्झचे पुतळे)

पुढे हिदेयोशीची मर्जी फिरली. क्योतोत गोन्सालोचे नि त्याच्या सोबत्यांचे कान कापले, भर थंडीत नागासाकीपर्यंत नेलं, आणि 5 फेब्रुवारी 1597 रोजी त्याच्यासह सव्वीस जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी मारलं. त्यांतले बहुतेक जपानीच होते.

(दृश्य: देवळातली, म्हणजे चर्चमधली, वेदी, फुलं, माणसांची दाटी)

1627 मध्ये त्यांना ‘धन्य’ म्हटलं गेलं, ही संतपदाच्या आधीची पायरी. संतपदाला मात्र आणखी सव्वादोनशेवर वर्षं लागली. 8 जून 1862 रोजी रोममध्ये पोप नववे पायस यांनी सव्वीसही जणांना संत म्हणून जाहीर केलं. जपानमध्ये तेव्हा ख्रिस्ती धर्मावर बंदीच होती, त्यामुळे जिथे ते मेले तिथे उघडपणे सण करायची सोय नव्हती. तुम्ही पाहिलेले पुतळे उभे राहिले 1962 मध्ये, त्या घोषणेच्या शताब्दीला.

आज वसईतल्या गास गावचं देऊळ याच संताच्या नावाचं आहे, वसईतलं एक कॉलेजही.

2008 मध्ये केरळच्या सिस्टर अल्फोन्सांना संतपद मिळालं, तेव्हा देशभर बातम्या झाल्या. भारतातल्या त्या पहिल्या स्त्री संत, हे खरंच. पण भारतात जन्मलेला पहिला संत कोण, असं कुणी विचारलं तर वसईचं नाव घ्या. हा मान 146 वर्षं आधीचा आहे.