घाटावरचे मुक्कामी

[दृश्य: पंढरपूर, महाद्वार घाट, पहाट]

गर्दी व्हायच्या आत एक आजी पायरीवरचं अंथरूण आवरतेय. गोधडी, जर्मनचं ताट, गोळ्यांची पुडी, आणि प्लास्टिकच्या पिशवीत पिशवी घालून जपलेलं आधार कार्ड. सगळं एका बोचक्यात. बोचकं नायलॉनच्या दोरीनं कठड्याला बांधून ती चंद्रभागेकडे उतरते, पण दर चार पायऱ्यांनी मागे वळून पाहते. ते कार्ड गेलं, तर निराधारांच्या पगाराची आशाच संपली.

2011च्या जनगणनेत हे शहर लाखाच्या आतलं. आषाढीला इथं लाखोंनी माणूस उतरतो. मग राहुट्या उठतात, दिंड्या परततात आणि काही माणसं मागे राहतात. म्हातारी, आंधळी, कुष्ठरोगानं बोटं झडलेली, मन थाऱ्यावर नसलेली. काहींना घरच्यांनीच दर्शनाला म्हणून आणून सोडलं, असं गावात बोललं जातं.

[दृश्य: घाटावर ओळीनं बसलेली माणसं, पुढ्यात फडकी]

वारकरी ओळीनं चिल्लर टाकत जातो. कुणी मूठभर तांदूळ टाकतं. दुपारी अन्नछत्र असतं. पंढरपुरात उपाशी मरू देत नाहीत, हे या माणसांनाही ठाऊक आहे.

तक्रारीही आहेत, आणि त्या खऱ्या आहेत. दुकानाच्या फळीवर कुणीतरी झोपलेलं, बोळात घाण, रात्री दारू पिऊन भांडणं, भाविकांचा पदर ओढणारी पोरं. सकाळी शटर उघडणाऱ्याला रोज पाणी मारून ओटा धुवावा लागतो. त्यानं वैतागू नये, असं म्हणणं सोपं आहे. आम्ही ते म्हणणार नाही.

पण यावर सरकारच्या हातात काय आहे? 1959चा मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा. पोलीस वॉरंटशिवाय उचलू शकतात. पहिल्यांदा सापडलं तर एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात. पुन्हा पुन्हा सापडलं तर दहा वर्षांपर्यंत. आणि भीक कशाला म्हणायचं? सार्वजनिक जागी गाणं म्हणून, नाचून, भविष्य सांगून पैसे घेणं हीसुद्धा भीक. कमाईचं साधन दिसत नाही आणि भीक मागून जगत असावा असं वाटतं, अशा अवस्थेत रस्त्यावर नुसतं फिरणंही. ही व्याख्या शब्दशः लावली, तर ‘दान पावलं’ म्हणत दारात येणारा वासुदेव गुन्हेगार ठरतो. दिल्ली उच्च न्यायालयानं 2018 मध्ये दिल्लीपुरती या कायद्याची मुख्य कलमं रद्द केली. महाराष्ट्रात कायदा कायम आहे.

[दृश्य: नदीपलीकडचा 65 एकरांचा तळ]

आता हे पाहा. वारीत चंद्रभागेच्या वाळवंटाची काय दशा व्हायची, ते जुन्या पंढरपूरकरांना विचारा. उघड्यावर शौच, आणि ती घाण हातानं उचलणारे सफाई कामगार. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. त्यानंतर वारकऱ्यांना कुणी तुरुंगात टाकलं नाही. त्यांच्यासाठी पलीकडच्या तीरावर 65 एकरांचा तळ आखला गेला, पाणी आलं, शौचालयं आली. चार दिवसांच्या पाहुण्यांची सोय होते, तर बारा महिन्यांच्या मुक्कामींची का होऊ नये?

या गावाला निवारा नवा नाही. कुणी थारा देत नव्हतं त्या अस्पृश्य वारकऱ्यांसाठी गाडगेबाबांनी इथंच चोखामेळा धर्मशाळा बांधली आणि 1949 मध्ये ती बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. खराटा घेऊन हेच वाळवंट झाडणाऱ्या माणसाला घाण म्हणजे काय, हे आपल्यापेक्षा जास्त कळत होतं.

शहरी बेघरांसाठी लाख लोकवस्तीमागे शंभर माणसांचा एक कायम निवारा, हे प्रमाण केंद्राच्या योजनेनंच ठरवलं होतं. आमचं म्हणणं एवढंच, की तो बायपासच्या कडेला बांधू नका. या माणसांचं पोट घाटावर आहे. आजीला काठी टेकत जाता येईल एवढ्या अंतरावर तो हवा. रात्री उघडं शौचालय हवं, आणि बोचकं ठेवायला कुलपाचा एक कप्पा.