आधी मजकूर, मग मशीन

(आर्वी तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, नमस्कार. मला सगळ्यात जास्त फोन जून महिन्यात येतात. पहिला वादळी पाऊस झाला, रात्रभर लाइन गेली-आली, की सकाळी फोन सुरू. ‘भाऊ, कॉम्प्युटर सुरूच होऊन नाही राहिला.’ मी आधी एकच विचारतो : त्याच्यात तुमचं काय आहे, आणि त्याची दुसरी प्रत कुठं आहे? माणूस गोंधळतो. त्याला वाटतं, मी लाइट लागतो का ते विचारीन. तेही विचारतो, पण नंतर. मशीन बंद पडणं हे एक दुखणं, मजकूर जाणं हे दुसरं. पहिल्यावर इलाज करताना दुसरं आपण आपल्याच हातानं ओढवून घेतो.

आपल्याच भागातले एक गुरुजी. अठरा वर्षं गावोगावच्या म्हाताऱ्या बायांजवळ बसून त्यांनी जात्यावरच्या ओव्या उतरवल्या आणि टाइप केल्या. कॉम्प्युटर अडकला, म्हणून दुकानात दिला. दुकानदारानं संध्याकाळपर्यंत फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकून दिली. मशीन एकदम चांगलं चालत होतं, ओव्या मात्र गेल्या होत्या. ज्यांनी त्या सांगितल्या, त्यातल्या बऱ्याच आज नाहीत.

गुरुजी माझ्याकडे आले तेव्हा मी पहिल्यांदा ते मशीन बंद केलं. का, ते सांगतो. फाइल डिलीट करणं म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव खोडणं. शेत तिथंच असतं, पीकही उभं असतं, फक्त कागदावर ती जागा मोकळी दिसते. दुसऱ्या कुणी तिथं पेरलं की जुनं पीक गेलं. नुसतं इंटरनेट उघडलं, एखादं अपडेट आलं, तरी नवी पेरणी होत असते. म्हणून फाइल गेली असं कळलं की त्या डिस्कवर काही लिहू नका. फाइल परत आणणारं सॉफ्टवेअरसुद्धा त्याच डिस्कवर टाकू नका. हार्ड डिस्क काढा, दुसऱ्या मशीनला लावा, आणि जे निघेल ते तिसऱ्या जागी ठेवा.

मी फोटोरेक नावाचं, गेलेल्या फाइली शोधणारं सॉफ्टवेअर वापरलं. नावात फोटो असलं तरी ते वर्डच्या फाइलीही काढतं, आणि फुकट मिळतं. ते नावावरून शोधत नाही, फाइलीच्या सुरुवातीच्या खुणेवरून ओळखतं. त्यामुळे नावं जातात, नुसते आकडे उरतात. दोन दिवसांत शेकडो फाइली निघाल्या. गुरुजींनी एक उघडली, तर इंग्रजी अक्षरांचा नुसता काला. ते खाली बसले. मला मात्र तो काला ओळखीचा वाटला. मजकूर कृतिदेव या जुन्या देवनागरी फॉन्टमध्ये टाइप केलेला होता आणि नव्या विंडोजमध्ये तो फॉन्टच नव्हता. फॉन्ट टाकला आणि पडद्यावर ओवी आली. सगळ्या नाही आल्या, साधारण निम्म्या आल्या. सेवा केंद्र चालवणाऱ्या ताईंनी, ग्रामपंचायतीच्या ऑपरेटरांनी हे लक्षात ठेवा : जुनी फाइल विचित्र दिसते म्हणून ती खराब झाली असं समजून पुसू नका.

हे जमलं, कारण ती जुनी, फिरणारी हार्ड डिस्क होती. नव्या लॅपटॉपात एसएसडी असते, म्हणजे न फिरणारी, चिपवर साठवणारी डिस्क. तिच्यात फाइल डिलीट झाली की विंडोज ‘ही जागा आता मोकळी’ असा ट्रिमचा आदेश देते, आणि डिस्क सवडीनं ते शेतच नांगरून टाकते. मग माझ्याही हातात काही उरत नाही.

आता मशीनकडे वळू. बटण दाबून काहीच होत नसेल तर आधी भिंतीतला प्लग, एक्स्टेंशन बोर्ड आणि वायर बघा, मग एसएमपीएस, म्हणजे आतला वीज पुरवणारा डबा. पंखा फिरतो पण पडदा काळा, किंवा आतून बीप वाजते, तर पहिला संशय रॅमवर, म्हणजे आतल्या मेमरीच्या पट्टीवर घ्या. वायर काढा, बटण दाबून उरलेली वीज जाऊ द्या, रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरनं हलक्या पुसा, परत घट्ट बसवा. जिनिंगजवळच्या दुकानांतले सीपीयू मी उघडतो तेव्हा आत कापसाच्या तंतूंची गादी बसलेली असते. मे महिन्यात आपल्याकडं पारा ४५च्या वर जातो, पंखा गुदमरतो आणि मशीन तापून बंद पडतं.

पडद्यावर ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’ अशा अर्थाची ओळ आली तर आधी मागं राहिलेली पेनड्राइव्ह काढा. तारीख काही वर्षं मागं गेलेली दिसली तर आतल्या मदरबोर्डावरचा ३ व्होल्टचा गोल सेल, सीआर २०३२, संपलाय. तारीख चुकली की सरकारी साइटसुद्धा उघडत नाहीत, आणि लोक इंटरनेटवाल्याला दोष देतात.

विंडोजचं चिन्ह येऊन तिथंच गोल गोल फिरत असेल तर डिस्क बहुतेक वाचता येते. लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी फुकट प्रणाली आहे, तिच्या पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करा, फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरवा. स्टार्टअप रिपेअर, रिसेट, फॉरमॅट, जे करायचं ते त्यानंतर.

डिस्क टक-टक आवाज करत असेल तर मात्र वीज बंद. पुन्हा पुन्हा सुरू करून बघू नका, विंडोजचं चेकडिस्क चालवू नका. चेकडिस्क फाइलींची मांडणी दुरुस्त करतं, त्या नादात मोडक्या नोंदी उडवतं, आणि मरत्या डिस्कला पळायला लावतं. आवाज नाही, नुसती वाचायला अडखळते, अशा डिस्कची मी डीडीरेस्क्यू नावाच्या सॉफ्टवेअरनं आधी पूर्ण नक्कल काढतो. ते चांगला भाग आधी वाचून घेतं, खराब भागाकडं नंतर वळतं. कुणी म्हणतं फ्रीजमध्ये ठेवा, कुणी स्क्रू काढून बघतं. आतली सुई तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगते, आपल्या घरातला धुळीचा कण तिच्यासाठी धोंडा आहे.

एक नवी अडचण. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १०चा आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून येणारी नेहमीची अपडेट, संपला, अनेकांनी नवे लॅपटॉप घेतले. त्यातल्या बऱ्याच मशीनमध्ये डिस्कला आपोआप कुलूप लागतं, बिटलॉकरचं. मदरबोर्ड बदलला की ते ४८ आकडी किल्ली मागतं. किल्ली मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते, आणि आपल्याकडं ते खातं कित्येकदा विकणाऱ्यानं स्वतःच्या ईमेलवर उघडलेलं असतं. आज घरी गेल्यावर बघा, खातं कुणाचं आहे ते. किल्ली कागदावर लिहा, घराच्या कागदपत्रांत ठेवा.

इथं टेबलावर मी मिंटची पेनड्राइव्ह आणि रिकामी डिस्क ठेवली आहे. ज्यांनी लॅपटॉप आणलेत त्यांनी एकेक करून या. मागच्या ताईंच्या पिशवीत आवाज करणारी डिस्क आहे म्हणाल्या, ती इथं लावू नका, तशीच माझ्याकडे द्या.