आरोप नवा, मुदत जुनीच?

अमेरिकेतलं एक फेडरल कोर्ट. आरोपी कोठडीत आहे आणि खटल्याची तारीख तोंडावर आली आहे. अशा वेळी सरकारी वकील ग्रँड ज्युरीकडून, म्हणजे आरोप ठेवायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाकडून, सुधारित आरोपपत्र घेऊन येतात. जुने आरोप कायम, वर एक नवा. मग खटल्याची मुदत कधीपासून धरायची?

१९७४ च्या स्पीडी ट्रायल अ‍ॅक्टनुसार अटकेनंतर ३० दिवसांत आरोपपत्र यायला हवं आणि पुढच्या ७० दिवसांत खटला उभा राहायला हवा. हे ७० दिवस आरोपपत्र दाखल झाल्यापासून किंवा आरोपीच्या पहिल्या हजेरीपासून, यातलं जे नंतरचं असेल तिथून सुरू होतात. दोन्ही बाजूंच्या अर्जांवर जाणारा वेळ मात्र त्यातून वगळला जातो.

समजा, आरोप बँकेवरच्या दरोड्याचा आहे. ४० दिवस उलटल्यावर त्याच दरोड्यात बंदूक वापरल्याचं कलम वाढवलं. गुन्हा तोच, त्यामुळे मोजणीही जुनीच. हातात उरले ३०. पण तपासात करचुकवेगिरीचं निराळंच प्रकरण निघालं, तर त्या आरोपाची मुदत साधारणपणे वेगळी धरतात. हा फरक मला फार मोलाचा वाटतो. तो नसता, तर दर वेळी एखादं कलम वाढवून सरकारला माणूस हवा तितका काळ अडकवून ठेवता आला असता.

सरकारनं खटला मागे घेऊन तोच आरोप पुन्हा दाखल केला, तर मधले दिवस धरत नाहीत, पण आधी खर्ची पडलेले दिवस परत मिळत नाहीत. आरोपीच्याच अर्जावरून खटला रद्द झाला असेल, तर मात्र नव्या आरोपपत्रानंतर मोजणी पहिल्यापासून.

आरोपीलाही तयारीसाठी किमान ३० दिवस मिळतात. सुधारित आरोपपत्र आलं की हे ३० दिवस पुन्हा द्यायचे का? १९८५ साली रोहास-कॉन्ट्रेरास खटल्यात सुप्रीम कोर्ट म्हणालं, नाही. तिथे सुधारित आरोपपत्रात आरोपीच्या जुन्या शिक्षेची चुकलेली तारीख तेवढी दुरुस्त झाली होती. नव्या आरोपामुळे बचावाची खरोखर अडचण होत असेल, तर न्यायाधीश तारीख पुढे ढकलू शकतात.

मुदत उलटली तरी खटला आपोआप रद्द होत नाही. खटला सुरू होण्याआधी किंवा गुन्हा कबूल करण्याआधी आरोपीनं तसा अर्ज द्यावा लागतो. नाही दिला, तर या कायद्याखालचा हक्क गेला. अर्ज मंजूर झाला, तरी तोच आरोप पुन्हा ठेवता येईल की नाही, हे न्यायाधीश गुन्ह्याचं गांभीर्य आणि उशिराचं कारण पाहून ठरवतात.