अर्धं वाक्य आणि दोन चंद्र

नमस्कार. पोट भरलं ते बँकेच्या नोकरीवर, आकाशाचा नाद मात्र कॉलेजपासूनचा. संयोजकांनी आजच्या विषयाला 'अवकाशविज्ञान आणि समाजमाध्यमं' असं भारदस्त नाव दिलंय. मी आपला आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपपासून सुरुवात करतो.

आमचे एक काका आहेत, ऐंशीच्या घरातले. दर ऑगस्टला त्यांचा एक फॉरवर्ड ठरलेला. २७ ऑगस्टच्या रात्री आकाशात दोन चंद्र दिसणार, मंगळ पौर्णिमेच्या चंद्राएवढा होणार, आणि हा योग पुन्हा थेट २२८७ साली. खाली हात जोडलेले सहा. मग ग्रुपवर कुणीतरी शहाणा 'फेक' असं एका शब्दात लिहितो आणि काका आठवडाभर गप्प. मीही एके काळी तो शहाणा होतो.

गंमत अशी की हा निरोप कुणी थापा मारायला रचलेला नव्हता. २७ ऑगस्ट २००३ ला मंगळ खरोखरच पृथ्वीपासून ५ कोटी ५८ लाख किलोमीटरवर आला होता. जवळजवळ साठ हजार वर्षांत तो इतका जवळ आला नव्हता, आणि २२८७ हे सालही बरोबर आहे. त्या वेळी ईमेल फिरली तिचा आशय असा होता : ७५ पट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीतून पाहिलात, तर मंगळ नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या पूर्ण चंद्राएवढा दिसेल.

हिशेब करून बघू. चंद्र आकाशात साधारण अर्धा अंश जागा व्यापतो. एका अंशाचे ३६०० बारीक भाग केले, तर चंद्राच्या वाट्याला १८०० येतात. मंगळ त्या रात्री २५ भागांएवढा होता. पंचवीस गुणिले पंच्याहत्तर, अठराशे पंच्याहत्तर. जमलं की नाही? वाक्य चोख होतं. पुढं पाठवता पाठवता दुर्बीण गळली आणि उरलेलं अर्धं वाक्य वर्षानुवर्षं फिरत राहिलं. मंगळ बिचारा सव्वीस महिन्यांनी एकदा जवळ येतो, त्याला दर ऑगस्टला हजेरी लावणं जमणार तरी कसं?

दुसरं उदाहरण दिवाळीतलं. 'दिवाळीच्या रात्री अवकाशातून दिसणारा भारत' हे रंगीबेरंगी चित्र आपण सगळ्यांनी पाहिलंय, बहुतेकांनी पाठवलंयसुद्धा. मी पाठवलंय, कबूल करतो. ते एका रात्रीचं छायाचित्र नाहीच. अमेरिकेतल्या नोआ या संस्थेच्या ख्रिस एल्विज यांनी ते २००३ मध्ये उपग्रहांच्या अनेक वर्षांच्या नोंदी एकत्र करून बनवलं. त्यातले रंग म्हणजे सालं आहेत. पांढरे दिवे जुने, १९९२ च्या आधीचे. निळे १९९२ मध्ये दिसू लागलेले, हिरवे १९९८ मध्ये, लाल २००३ मध्ये. २०१२ च्या दिवाळीतलं खरं चित्र नासानं प्रसिद्ध केलं, ते इतर कुठल्याही रात्रीसारखंच होतं. आपल्या पणत्या-आकाशकंदिलांचा उजेड तिथून वेगळा ओळखूच येत नाही.

आता मला सांगा, जास्त रंजक काय? मला तर खरी गोष्टच भारी वाटते. त्या लाल ठिपक्यांत कुठल्या भागात वीज उशिरा पोचली, कुठलं गाव वाढत शहराला चिकटलं, असा दहा-अकरा वर्षांचा हिशेब आहे. चित्र तेच ठेवा. सोबत ते कसं बनलं, एवढं एक वाक्य जोडा.

म्हणून मी आता पाठवतो ते शक्यतो गच्चीवरून बघता येईल असं. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक घ्या. चारशे किलोमीटर उंचीवरून, ताशी अठ्ठावीस हजार किलोमीटर वेगानं जातं. दिवस मावळल्यावर आपण अंधारात असतो आणि ते अजून उन्हात, म्हणून चमकतं. वेळ नासाच्या 'स्पॉट द स्टेशन' या ॲपवर मिळते. एकदा मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं : सात वाजून बारा मिनिटं, वायव्येकडून, विमानासारखं लुकलुकणार नाही. टाकीशेजारी अकरा जण जमले, दोन वाळत घातलेल्या चादरी बाजूला सारल्या. ठिपका आला, डोक्यावरून पुढं सरकला आणि उतरता उतरता मधेच विझला. 'पडलं?' एक मुलगी ओरडली. पडलं नव्हतं, पृथ्वीच्या सावलीत शिरलं होतं. पृथ्वीची सावली मी तिला पुस्तकातून तास घेऊनही शिकवू शकलो नसतो.

जयंत नारळीकर सर सही मागणाऱ्या मुलांना सांगत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही मिळेल. सहीची हौस त्यांनी प्रश्नाकडं वळवली. आमच्या हातात पोस्टकार्डापेक्षा कितीतरी वेगवान साधन आहे, आणि आम्ही त्यावर हात जोडलेले सहा पाठवतो!

काकांचं सांगायचं राहिलं. गेल्या वर्षी मी ग्रुपवर काहीच लिहिलं नाही, फोन केला. पंच्याहत्तरचा गुणाकार त्यांच्याकडूनच करून घेतला. ते पोस्टात होते, आकड्यांना पक्के. तेव्हापासून पाठवण्याआधी मला विचारतात, 'अरे, हे खरं का?' कोजागिरीला विचारलं, उगवताना चंद्र एवढा मोठा का दिसतो? मी म्हटलं, तो मोठा होत नाही, आपल्याला तसं वाटतं. वर्तमानपत्राची नळी करा आणि एक डोळा मिटून तिच्यातून बघा.

अर्ध्या तासानं आवाजी निरोप आला. 'बघितलं रे. नळीतून लहान झाला. काकूला दाखवला, ती म्हणते तेवढाच आहे. आता कुणाचं खरं?'