दिवसभराच्या कॅलरी कुठे ठेवायच्या?

श्रोतेहो, नमस्कार.

वजन कमी करायला निघालेल्या माणसाला दोन सल्ले हमखास मिळतात. पहिला: रात्री आठनंतर खाल्लेलं सगळं अंगावर बसतं. दुसरा: दर दोन तासांनी थोडं थोडं खा, चयापचय वाढेल. पहिल्यात निम्मं तथ्य आहे, दुसऱ्यात जवळजवळ काहीच नाही.

दुसरा आधी निकालात काढू. अन्न पचवायला शरीर ऊर्जा खर्च करतं, हे खरं आहे. प्रथिनांतून मिळणाऱ्या कॅलरींपैकी 20 ते 30 टक्के त्यातच जातात, पिष्टमय पदार्थांच्या 5 ते 10 टक्के आणि तेल-तुपाच्या जेमतेम 3 टक्क्यांपर्यंत. पण हा खर्च दिवसभरात काय आणि किती खाल्लं यावर ठरतो. 1500 कॅलरी तीन वेळा खा की सहा वेळा, बेरीज तीच येते. ‘ब्रिटिश जर्नल ऑफ न्यूट्रिशन’मध्ये 1997 साली या विषयावरच्या संशोधनाचा आढावा आला होता, त्याचाही निष्कर्ष हाच होता. उलट सहा वेळा ताट समोर आलं की सहा वेळा अंदाज चुकण्याची सोय होते. दर खेपेला 60 कॅलरी जास्त गेल्या तरी दिवसाला 360 होतात. आणि अडीचशे कॅलरींच्या खाण्यानं पोट भरल्यासारखं वाटत नाही, हा त्रास वेगळाच.

आता रात्रीच्या जेवणाकडे येऊ. 2013 साली इस्रायलमधला एक अभ्यास गाजला. जास्त वजनाच्या स्त्रियांना रोज 1400 कॅलरी दिल्या. एका गटाला सकाळी 700, दुपारी 500, रात्री 200. दुसऱ्या गटाला नेमकं उलट. बारा आठवड्यांनी सकाळी जास्त खाणाऱ्यांचं वजन सरासरी 8.7 किलोंनी उतरलं, दुसऱ्या गटाचं 3.6 किलोंनी. एवढी तफावत पाहून ‘सकाळी भरपूर खा’ हा मंत्रच झाला. पुढे 2022 मध्ये स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनला जास्त काटेकोर प्रयोग झाला. तीस माणसं, अन्न संशोधकांनीच पुरवलेलं. चार आठवडे 45 टक्के कॅलरी सकाळी आणि 20 टक्के रात्री, आणि चार आठवडे त्याच्या उलट. दोन्ही वेळा वजन सारखंच उतरलं, तीन किलोंहून थोडं जास्त. शरीराचा ऊर्जाखर्चही सारखाच निघाला. फरक पडला तो भुकेत. सकाळी जास्त खाल्लं तेव्हा दिवसभराची भूक कमी होती.

सगळी ग्यानबाची मेख या शेवटच्या वाक्यात आहे. प्रयोगात अन्न मोजून हातात ठेवलेलं असतं, म्हणून भूक लागली तरी आकडा बिघडत नाही. घरी फडताळ उघडं असतं. तिथे भूक वाढली की आकडा बिघडतोच. चरबी घड्याळ पाहून जळत नाही. घड्याळाचा उपयोग भूक आटोक्यात ठेवण्यासाठी, आणि तेवढ्यासाठी तो मोठा आहे.

ठरावीक आठ तासांतच खायचं, या पद्धतीबद्दलही बरीच विचारणा होते. चीनमध्ये 139 लोकांवर वर्षभर प्रयोग झाला. सगळ्यांना कॅलरी कमी केल्या होत्या. निम्म्यांना सकाळी 8 ते दुपारी 4 एवढ्याच वेळात खायचं बंधन होतं. त्यांचं वजन 8 किलोंनी उतरलं, बाकीच्यांचं 6.3 किलोंनी, आणि संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक टिकला नाही. रात्रीचं अरबटचरबट बंद व्हायला अशी वेळ आखून घेणं कुणाला सोपं वाटत असेल, तर जरूर करावं. त्यात यापलीकडे जादू शोधू नये.

आता कागद-पेन्सिल घ्या. आधी आकडा काढू. वजन किलोत, त्याला 10 नं गुणा. उंची सेंटीमीटरमध्ये, तिला 6.25 नं गुणा. दोन्हींची बेरीज करा. त्यातून वयाची पाचपट वजा करा. पुरुषांनी शेवटी 5 मिळवायचे, स्त्रियांनी 161 वजा करायचे. झोपून राहिलात तरी शरीराला लागणाऱ्या कॅलरींचा हा अंदाज. समजा 40 वर्षांची स्त्री आहे, वजन 75 किलो, उंची 160 सेंटीमीटर. 750 अधिक 1000, उणे 200, उणे 161. आले 1389. बैठं काम असेल तर याला 1.4 नं गुणा, साधारण 1950 होतात. त्यातून 450 कमी केल्या की 1500. यापेक्षा फार खाली एकदम उतरू नका. हजारावर आलेला माणूस चार दिवस टिकतो आणि पाचव्या दिवशी फडताळ रिकामं करतो.

या 1500 कुठे ठेवायच्या? ते ठरवण्याआधी सात दिवस फक्त नोंद करा. खाण्यात बदल काही नको. वेळ, पदार्थ, प्रमाण, आणि खाण्याआधीची भूक शून्य ते दहा या मापात. बहुतेकांच्या वहीत एक ठरलेला तास सापडतो. त्या वेळी भूक आठच्या पुढे जाते आणि हाताला येईल ते तोंडात पडतं. बऱ्याच जणांचा तो संध्याकाळी पाच ते सातच्या मध्ये असतो, काहींचा जेवणानंतर रात्री दहाला.

वही साधारण अशी दिसते. सकाळी चहा आणि दोन बिस्किटं, 150 कॅलरी. दुपारी घाईघाईत 400. पाचपासून झोपेपर्यंत 1400. माणूस म्हणतो, ‘दिवसभर तर मी काहीच खात नाही.’ खोटं बोलत नाही तो. दिवसभर खरंच खात नाही, म्हणूनच संध्याकाळी थांबता येत नाही.

मग वाटणी अशी करा. सकाळी 400, दुपारी 500, त्या अवघड तासाच्या तासभर आधी 200, रात्री 400. झाल्या 1500. हे 200 चं मधलं खाणं भूक आठवर जायच्या आत झालं पाहिजे. पाच वाजता कोसळत असाल तर चारला खा. भूक शिगेला पोचल्यावर 200 कॅलरींचं खाणं पुरत नाही, ते नुसतं सुरुवात ठरतं.

आकड्यांइतकंच महत्त्व प्रथिनांना आहे, कारण पोट भरल्याची भावना त्यांनी जास्त वेळ टिकते आणि वजन उतरताना स्नायू कमी झिजतात. वरच्या उदाहरणात दिवसाला 90 ग्रॅम धरा: सकाळी 25, दुपारी 30, मधल्या खाण्यात 10, रात्री 25. मोठ्या आकाराच्या दोन अंड्यांत 12 ते 13 ग्रॅम, 200 मिलिलिटर दुधात सुमारे 7, 150 ग्रॅम शिजवलेल्या कडधान्यात साधारण 12. सकाळचे 400 जर साखर आणि मैद्यातून आले, तर अकरा वाजता पुन्हा भूक लागेल आणि दोष न्याहारीच्या वेळेवर जाईल.

सर्वांत जास्त घोटाळा कुठे होतो, तर लोक न्याहारी वाढवतात आणि रात्रीचं जेवण तेवढंच ठेवतात. तेरा प्रयोगांचा एकत्रित अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात न्याहारी करणाऱ्यांच्या पोटात दिवसाला सरासरी 260 कॅलरी जास्त गेल्या होत्या. म्हणजे न्याहारी सुरू केल्यानं आपोआप काही होत नाही. कॅलरी एका जागेवरून उचलून दुसरीकडे ठेवायच्या आहेत, वर भर घालायची नाही. सकाळी 250 वाढल्या की त्याच आठवड्यात रात्रीच्या ताटातून 250 गेल्याच पाहिजेत.

‘सकाळी भूकच लागत नाही’ म्हणणाऱ्यांनी आदल्या रात्रीचं ताट आठवावं. रात्री हजार कॅलरी गेल्या असतील तर सकाळी भूक लागणार कशी? रात्रीचं कमी करा, बहुतेकांची सकाळची भूक काही दिवसांत परतते. नाहीच परतली तर सात वाजता बळंबळं कोंबू नका. दहाला खा. एकूण आकडा सांभाळला तर बिघडत काही नाही.

चोरवाटांवर लक्ष ठेवा. एक मोठा चमचा, म्हणजे 15 मिलिलिटर तेल 120 कॅलरींचं असतं, आणि तेल डोळ्यांच्या अंदाजानं कधीही बरोबर पडत नाही. मोजून घाला. दिवसाला पाच कप चहा-कॉफी, प्रत्येकात दोन लहान चमचे साखर, म्हणजे दूध सोडून 160 ते 200 कॅलरी झाल्या. ते अख्खं मधलं खाणंच की.

रात्रीचं जेवण झोपेच्या दोन-तीन तास आधी उरका. अन्न वर येणं, जळजळणं, झोपमोड होणं टळतं, आणि अपुऱ्या झोपेनं दुसऱ्या दिवशी भूक वाढते ती वाढत नाही. उशिरा, खारट जेवलात तर सकाळी काटा अर्धा-एक किलो जास्त दाखवेल. घाबरू नका. एक किलो चरबी म्हणजे सुमारे 7700 कॅलरी, एका जेवणात तेवढ्या जात नाहीत. ते पाणी आहे आणि पोटातलं अन्न आहे. म्हणून वजन रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी करा आणि आठवड्याची सरासरी काढा. या आठवड्याची सरासरी मागच्या आठवड्याच्या सरासरीशी ताडून पाहा.

रात्रपाळीवाल्यांचं गणित निराळं. मुख्य जेवण कामावर निघण्यापूर्वी करा, मध्यरात्रीनंतर हलकं ठेवा. रात्री तेच अन्न रक्तातली साखर जास्त चढवतं. घरी परतल्यावर झोपण्याआधी लहानसं, प्रथिनं असलेलं खाणं ठेवा, नाहीतर भुकेनं दुपारी लवकर जाग येते.

इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड अशा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी मात्र जेवणाची वेळ किंवा प्रमाण आपल्या मनानं बदलू नये. रात्रीचं जेवण निम्मं केलं आणि डोस तोच राहिला, तर झोपेत साखर घसरू शकते. आधी डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्या. गर्भवती, स्तनदा माता, वाढीच्या वयातली मुलं आणि खाण्याशी संबंधित मानसिक आजार झालेली माणसं यांच्यासाठी हा हिशेब नाही.

आणि हिशेब एकदाच करून भागत नाही. पाच किलो उतरले की आकडा पुन्हा काढा. वरच्या उदाहरणात गरज सुमारे 70 कॅलरींनी कमी झालेली असेल. त्या 70 कुठून काढायच्या, हे वहीच सांगेल. ज्या खाण्याआधी भूक चारच्याही खाली असते, तिथून काढा. अवघड तासाआधीच्या त्या 200 ला हात लावू नका.

नमस्कार.