मडक्यातलं शेंडेफळ

श्रोतेहो, नमस्कार.

पहाटेची साडेपाचची वेळ. पडवीत अजून काळोख असतो, आणि टांगलेल्या मडक्यातून एक बारीक आवाज येतो. चिक्... चिक्... थांबून थांबून, इतका हलका की माडाची झावळ हलली तरी त्यात बुडून जावा. ज्यांच्या घरी बजरीगरची जोडी आहे त्यांना तो बरोबर ऐकू येतो. पिल्लू बाहेर आलं! मग चहा बाजूला राहतो आणि घरातले सगळे पिंजऱ्याभोवती जमतात.

आपल्याकडे या पक्ष्यांना सर्रास 'लव्हबर्ड' म्हणतात. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले, आखूड शेपटीचे. आपण पाळतो तो बजरीगर ऑस्ट्रेलियाचा, वीतभर लांबीचा, जेमतेम तीस-चाळीस ग्रॅम वजनाचा. आपला रानातला पोपट पाळणं कायद्यानं गुन्हा आहे, तो पिंजऱ्यात ठेवू नका. बजरीगर पाळायला मात्र मुभा आहे.

पहिल्या पिल्लाचं कौतुक सगळेच करतात. मला आज बोलायचंय ते शेवटच्या पिल्लाबद्दल. पाच अंड्यांतून पाच पिल्लं निघाली आणि हाती तीनच लागली, असं कितीतरी जण सांगतात. गेलेली दोन बहुतेक वेळा शेवटचीच असतात.

असं का होतं, ते अंडी घालण्याच्या पद्धतीत आहे. मादी रोज अंडं घालत नाही, एक दिवसाआड घालते. करवंदाएवढं, पांढरंशुभ्र अंडं. पहिल्या-दुसऱ्या अंड्यापासूनच ती उबवायला बसते आणि साधारण अठरा दिवसांनी एकेक अंडं फुटायला लागतं, तेही दिवसाआडच. म्हणजे पाचवं पिल्लू बाहेर येतं तेव्हा पहिलं आठ दिवसांचं झालेलं असतं. जन्मताना पिल्लाचं वजन दोन ग्रॅमच्या आसपास. ओल्या काजूचा सोललेला गर डोळ्यांसमोर आणा, तेवढंच, तसंच वाकलेलं, अंगावर पीस नाही, डोळे मिटलेले. आणि शेजारी आठ दिवसांचा थोरला भाऊ, त्याच्या पाच-सहा पट मोठा, चोच वर करून ओरडणारा. आई दोघांनाही भरवते, पण धाकट्याला स्वतःची जागाच मिळत नाही. ते खाली दबतं, थंड पडतं.

आई भरवते कशी, हे एकदा तरी शांतपणे बघा. नर दाणे खाऊन अर्धवट पचवलेलं अन्न मादीच्या चोचीत देतो. मादी ते आणखी पातळ करून पिल्लाला देते. अगदी लहान पिल्लाला ती उताणं करते, चोचीत हलकेच चोच धरते आणि थेंब थेंब सोडते. पिल्लाच्या गळ्याखाली अन्नाची पिशवी असते. कातडी इतकी पातळ की आतलं पांढरट अन्न बाहेरून दिसतं. पिल्लू उपाशी आहे की पोटभर, हे सांगायला ही पिशवी पुरे. ती फुगलेली असेल तर निश्चिंत राहा. सकाळी, दुपारी, संध्याकाळी सपाटच दिसली तर त्या पिल्लाला भरवलं जात नाहीय.

आता प्रश्न येतो हात लावायचा. माझ्या आजेसासूबाई मला दटावायच्या, "आवशीक जा कळता, ता तुका खय कळतला? हात लाव नको तेका!" पहिलं वाक्य शंभर टक्के खरं. दुसऱ्याबद्दल मी माझ्या अनुभवानं थोडं वेगळं सांगेन. माणसाळलेली मादी माणसाचा वास लागला म्हणून पिल्लं टाकत नाही. ती दाणे खायला बाहेर आली की हात स्वच्छ धुऊन, कोमट करून, मिनिटभरात आत बघून घ्यायचं. दिवसातून एकदा, रोज त्याच वेळी. किती पिल्लं आहेत, कुणाची पिशवी रिकामी आहे, कुणाच्या पायाला विष्ठा चिकटून वाळली आहे का. वाळलेली विष्ठा ओढून काढू नका, त्याबरोबर बोटाचं नखही निघून येतं. कोमट पाण्यात कापूस भिजवून ती मऊ करा, आपोआप सुटते.

शेंडेफळ वाचवायचा सगळ्यात चांगला उपाय म्हणजे दोन जोड्या एकाच वेळी अंड्यांवर बसवणं. एका मडक्यातलं धाकटं मागे पडतंय असं दिसलं की ते दुसऱ्या मडक्यात, त्याच्याच मापाच्या पिल्लांत नेऊन ठेवायचं. ती मादी त्याला आपलंच समजून भरवते. मी हे आजवर बऱ्याच वेळा केलंय. संध्याकाळी जाऊन पाहावं तर त्या इवल्याशा पिल्लाची पिशवी टम्म भरलेली असते. तेव्हा जे वाटतं ते शब्दांत मांडणं मला कठीण जातं.

श्रोतेहो, हा पक्षी कोरड्या मुलखातला आहे. मध्य ऑस्ट्रेलियातल्या ॲलिस स्प्रिंग्जला वर्षभरात सरासरी ३०० मिलिमीटरसुद्धा पाऊस पडत नाही. आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गात चार महिन्यांत ३००० मिलिमीटरच्या वर पडतो. जूनपासून भिंतींना ओल येते, कपडे वाळत नाहीत, चपलेवर बुरशी धरते. तीच बुरशी दाण्यावर आणि मडक्यातल्या लाकडाच्या छिलक्यांवर धरते आणि पिल्लांच्या फुप्फुसात जाते. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, जून ते सप्टेंबर मडकी काढून ठेवा. मडकं नसेल तर मादी बहुधा अंड्यावर बसत नाही. दिवाळी झाली, हवा कोरडी झाली की मडकी टांगा. वर्षातून दोनच विणी घेऊ द्या, आणि मादी वर्षाची झाल्याशिवाय तर मुळीच नाही.

आगोटीची बेगमी करताना पक्ष्यांचीही करा. मे महिन्यात पापड-फेण्यांबरोबर राळे, वरी, बाजरी कडक उन्हात दोन दिवस वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. दाण्यांना कुबट वास आला तर टाकून द्या, दया दाखवू नका. पिल्लं असताना भिजवलेले दाणे आणि उकडलेलं अंडं किसून जरूर द्या, शेवग्याचा पाला, कोथिंबीरही द्या, पण ओलं खाणं दोन तासांच्या वर पिंजऱ्यात ठेवायचं नाही. आणि चुना, म्हणजे कॅल्शियम, तो तर आपल्या दारात आहे. किनाऱ्यावर माकुलाचं पांढरं, हलकं हाड वाहून येतं. काही जण त्याला समुद्रफेस म्हणतात. ते आणून दोन-तीन दिवस गोड्या पाण्यात भिजवा, पाणी बदलत राहा, खार निघून गेला की उन्हात खडखडीत वाळवा आणि पिंजऱ्याला बांधा. अंडी घालणारी मादी ते कुरतडून कुरतडून संपवते.

मडक्याचा तळ गुळगुळीत असतो, ही त्याची मोठी खोड. पिल्लाचे पाय दोन्हीकडे फाकतात आणि तसेच वाढतात. सुताराकडून रंध्याचे छिलके आणून दोन बोटं जाड थर द्या. करवतीचा बारीक भुसा नको, तो नाकातोंडात जातो. पाय फाकलेले लवकर लक्षात आले तर ते मऊ पट्टीनं जवळ बांधून सरळ करता येतात. ते काम पक्ष्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडून शिकून घ्या.

आणि स्वयंपाकघर! घावणे आपण बिडाच्या तव्यावर घालत होतो तोवर काळजी नव्हती. आता घरोघरी नॉनस्टिक तवे आलेत. तो तवा रिकामा जास्त तापला की त्याच्या थरातून निघणारा वायू पक्ष्यांचा जीव घेतो. आपल्याला वाससुद्धा येत नाही. पिंजरा स्वयंपाकघरापासून, चुलीच्या धुरापासून, मच्छरच्या कॉइलपासून लांब ठेवा. मुंग्यांसाठी स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा. मुंग्यांची रांग मडक्यात शिरली तर उघड्या अंगाच्या पिल्लांचं रात्रीत काय होतं, ते मी इथे सांगत नाही. जाळी अर्ध्या इंचाची हवी, कारण उंदराच्या मागे साप येतोच.

एक गोष्ट मनात सलते, ती सांगते. पूर्वी मीसुद्धा पावसाळ्यात मडकी टांगलेलीच ठेवायची. एका जुलैत सकाळी मादी मरून पडलेली दिसली. मडक्यात चार पिल्लं, धाकटं तीन दिवसांचं. रात्रीपासून वीज नव्हती. मी गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून त्यांना वाटीत ठेवलं आणि नाचणीची पातळ पेज करून थेंबाथेंबानं भरवली. पेज निवत गेली, तरी मी भरवत राहिले. संध्याकाळी धाकट्याची पिशवी तशीच भरलेली होती. मला वाटलं, पोट भरलंय. खरं तर अन्न पुढे सरकतच नव्हतं, आतच आंबत होतं. पहाटे ते गेलं. उरलेली तीन मी त्याच दिवशी पलीकडच्या वाडीतल्या एका पक्षी पाळणाऱ्या काकांच्या मडक्यात नेऊन ठेवली. त्यांच्या मादीनं ती तिन्ही वाढवली.

म्हणून सांगते, वेळ आलीच तर पक्ष्यांच्या दुकानात मिळणारी पिल्लांना भरवायची पूड घरात आधीच असू द्या. ती कालवून ३९-४० अंशांवर द्या. हाताच्या अंदाजावर जाऊ नका, थर्मामीटर वापरा. थंड अन्न आंबतं, फार गरम अन्नानं पिशवी आतून भाजते. आधीचं अन्न खाली उतरल्याशिवाय पुढचं द्यायचं नाही. अगदी लहान पिल्लाला दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. हे किती अवघड आहे ते करणाऱ्यालाच कळतं. मादी जिवंत असताना केवळ माणसाळावं म्हणून तिच्याकडून पिल्लं काढून घेणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, तसं करू नका. दहाव्या दिवसाच्या आसपास डोळे उघडतात, तीन आठवड्यांत पिसं भरतात. तेव्हापासून रोज दहा मिनिटं पिल्लाला ओंजळीत घेऊन बसा. ते तुमचं होतं, आणि आईचंही राहतं.

महिन्याभरानं थोरलं मडक्याच्या तोंडाशी येऊन बसतं. कपाळावर चोचीपर्यंत बारीक काळ्या रेघा, डोळे पूर्ण काळे. बाहेर आल्यावरही आठ-दहा दिवस बापच त्याला भरवतो. या वेळी मादी पुन्हा अंड्यावर आली असेल तर ती मोठ्या पिल्लांची पिसं उपटते. तसं दिसलं तर पिल्लं बापासोबत वेगळी काढा. सहा-सात आठवड्यांआधी, स्वतः दाणे फोडून खाताना डोळ्यांनी पाहिल्याशिवाय, कुणालाही पिल्लू देऊ नका. आणि एकटं देऊ नका.

गेल्या माघात आमच्या मडक्यातून थोरली चौघं एकापाठोपाठ बाहेर पडली. पाचवं आत राहिलं. आठ दिवस ते नुसतं डोकं काढायचं आणि परत आत जायचं. नवव्या दिवशी दुपारी, पडवीत कुणी नसताना, ते बाहेर आलं. मी दाराआडून पाहत होते. ते काठीवर डुलत बसलं, आणि बाप सरकत सरकत त्याच्या शेजारी आला आणि त्यानं मान खाली घालून त्याला भरवलं.

नमस्कार.