सड्यावर चालणारी स्क्रीन

(दृश्य: देवगड तालुक्यातला सडा, म्हणजे कातळाचं पठार. कातळात उभी हापूसची कलमं, मोहोर अजून फुटायचा आहे.)

इथे जमीन म्हणजे जांभा. कातळ फोडून खड्डे घेतले, खालून माती आणून भरली, तेव्हा कुठे ही कलमं जगली. मार्च ते मे या तीन महिन्यांत बागेत जे होतं, त्यावर घराचं वर्ष निघतं. किती डझन उतरले, किती पेट्या वाशीला गेल्या, दलालाकडून पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची चिठ्ठी, काय आली, किती पेट्या थेट पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांना पोचल्या, हे सगळं या घरात आजवर वहीत होतं. थेट विक्री वाढली तशी वही पुरेना. ऑर्डर फोनवर येते, व्हॉट्सॲपवर येते, कुणी आगाऊ पैसे पाठवतं, कुणाला चारशे रुपये कमी करून हवे असतात. एकच पेटी दोघांच्या नावावर चढते आणि मग कुणालातरी नाराज करावं लागतं.

या घराने ते काम कुडाळच्या दोन तरुण प्रोग्रॅमरना दिलं आहे. ब्राउझरमध्ये उघडणारं ॲप्लिकेशन हवं: बोटाने पेट्या इकडून तिकडे हलवता येतील, आकडा बदलला की बेरीज तिथल्या तिथे बदलेल, पान पुन्हा लोड होण्याची वाट पाहावी लागणार नाही. हे बांधायचं कशात, एवढा एकच निर्णय या माहितीपटाचा विषय आहे. विषय कोरडा वाटेल, पण या निर्णयाची किंमत हंगामात बागायतदार मोजतो, म्हणून तो नीट बघायला हवा.

(दृश्य: जुन्या संगणकांचे पडदे.)

हा प्रश्न जुना आहे. २००२ साली मॅक्रोमीडिया या कंपनीने ‘रिच इंटरनेट ॲप्लिकेशन’ ही कल्पना पुढे आणली. २००४ मध्ये तिचं फ्लेक्स आलं, तिच्याच फ्लॅश या इंजिनवर चालणारं. २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने सिल्व्हरलाइट आणलं, २००८ च्या अखेरीला सन या कंपनीने जावाएफएक्स. सगळ्यांचं सांगणं एका वळणाचं होतं: ब्राउझर एकटा कमी पडतो, त्यात आमचं इंजिन, म्हणजे प्लगइन, बसवा. तेव्हा ते खरंही होतं. तक्त्यातला रकाना ओढून हलवणं, आलेख जिवंत ठेवणं, हे तेव्हाच्या एचटीएमएलच्या, म्हणजे वेबपानं लिहायच्या भाषेच्या, आवाक्याबाहेर होतं.

दुसरी वाट ब्राउझरच्या आतूनच निघाली. पान न बदलता सर्व्हरकडून माहिती आणण्याची सोय मायक्रोसॉफ्टनेच १९९९ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ५ मध्ये दिली होती. २००४ मध्ये जीमेलने आणि २००५ मध्ये गूगल मॅप्सने ती कुठवर नेता येते ते दाखवलं. २००५ च्या फेब्रुवारीत जेसी जेम्स गॅरेट यांनी या पद्धतीला एजॅक्स म्हटलं. २००६ मध्ये गूगलने जावात लिहिलेलं जावास्क्रिप्टमध्ये, म्हणजे ब्राउझरला चालवता येणाऱ्या भाषेत, उतरवणारं जीडब्ल्यूटी दिलं, त्याच वर्षी जावास्क्रिप्टचं काम सोपं करणारी जेक्वेरी आली.

त्या वर्षांत फ्लेक्स घेणारे लोक अडाणी नव्हते. साधन उत्तम होतं, पडदे देखणे व्हायचे. पण आयफोनने फ्लॅशला कधी आत घेतलंच नाही. २०११ च्या नोव्हेंबरात मॅक्रोमीडिया विकत घेतलेल्या अडोबीने मोबाइलवरचं फ्लॅश थांबवलं आणि फ्लेक्स अपाची फाउंडेशनला देऊन टाकलं. ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश संपलं, १२ ऑक्टोबर २०२१ ला सिल्व्हरलाइटचा आधार संपला. त्यांत बांधलेल्या स्क्रीन पुन्हा पहिल्यापासून लिहाव्या लागल्या. नव्वदच्या दशकातलं साधं एचटीएमएल पान मात्र आजच्या फोनवरही उघडतं.

प्लगइन गेले म्हणून प्रश्न सुटला, असंही झालं नाही. त्यांच्या जागी फ्रेमवर्क आली, म्हणजे जावास्क्रिप्टमध्ये स्क्रीन बांधायच्या तयार चौकटी: अँग्युलरजेएस, व्ह्यू, रिॲक्ट. अँग्युलरजेएस २०१० चं. २०१६ मध्ये त्याची पुढची आवृत्ती आली ती मुळातून नवी होती, आणि जुन्याचा आधार २०२१ च्या डिसेंबरात संपला. व्ह्यू २ चा आधार २०२३ च्या अखेरीस संपला. रिॲक्ट शिकणाऱ्यांची पहिली पायरी असलेलं क्रिएट रिॲक्ट ॲप २०२५ च्या फेब्रुवारीत मागे घेतलं गेलं. कलम लावणारा माणूस आधी खुंट बघतो: रायवळ कोयीचा खुंट मुळं धरून असेल तर वरची काडी बदलता येते. वेबवर तो खुंट म्हणजे ब्राउझर स्वतः. फ्रेमवर्क ही काडी. माझं ठाम मत आहे, की जेवढं काम खुंटावर होतंय तेवढं त्यावरच करावं.

(दृश्य: बाग. दोघा प्रोग्रॅमरपैकी मुलगी फोन घेऊन कलमाखाली उभी. शेजारी बागायतदार.)

प्रत्यक्षात हे कसं ठरतं ते या बागेत दिसलं. दोघांनी नोंदीची एकच स्क्रीन तीन प्रकारे बांधून आणली होती. एक रिॲक्टमध्ये, तयार बटणं-तक्त्यांच्या संचासह. दुसरी स्वेल्टमध्ये. तिसरीत सर्व्हरकडून सरळ एचटीएमएल येत होतं आणि पानाचा हवा तो भाग बदलायला एचटीएमएक्स लावलं होतं. फोन त्यांनी मुद्दाम बागायतदारांचा घेतला. स्वस्तातला अँड्रॉइड, मेमरी नातेवाइकांच्या फोटोंनी भरलेली, काचेला तडा.

“गो बाय, ह्यां कित्याक फिरतां?”

“काकानू, हयसर रेंज नाय.”

“मगे बागेत ह्येचो उपयोग काय?”

काकांचा हा सवाल मला या सगळ्या चर्चेतला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. शहरातल्या वाय-फायवर बसून तिन्ही स्क्रीन सारख्याच वाटतात. इथे फरक घड्याळ न लावता कळत होता. कारण साधं आहे. चित्र उतरलं की दाखवता येतं. जावास्क्रिप्ट उतरल्यावर फोनला ती वाचावी लागते, स्वतःच्या भाषेत उतरवावी लागते, मग चालवावी लागते. हे सगळं प्रोसेसरचं काम, आणि स्वस्त फोनचा प्रोसेसर तिथेच दमतो. त्यात जोडणी नवी असते तेव्हा सर्व्हर पहिल्या फेरीत साधारण १४ केबीच पाठवतो. पुढचं पाठवण्याआधी फोनकडून पोच यावी लागते. सड्यावर ती पोच यायला वेळ लागतो. रिॲक्टचा गाभाच दाबून लहान केल्यावरही ४० केबीच्या वर जातो, आणि त्यावर तयार संच चढतो तो वेगळा. स्वेल्टची रीत निराळी आहे. २०१६ मध्ये रिच हॅरिस यांनी ते आणलं तेच कंपायलर म्हणून: स्क्रीनला लागेल तेवढाच कोड बांधणीच्या वेळी तयार होतो, फोनवर मागे फारसं काही वाहून न्यावं लागत नाही. लहान स्क्रीनला याचा फायदा मोठा.

पण इथे एक पेच पडला. सर्वांत हलकी होती ती एचटीएमएक्सची स्क्रीन. आणि बागेत सर्वांत आधी तीच अडली. साहजिक आहे: तिचं प्रत्येक पाऊल सर्व्हरला विचारून पडतं. विचारायची सोयच नसेल तर ती उभी राहते. हलकं म्हणजे चांगलं, एवढ्यावर थांबलेल्या माणसाला ही बाग दाखवावी.

(दृश्य: स्क्रीनचं जवळून चित्रण. बोट आकडा टाइप करतं.)

आता एक गोष्ट जरा थांबून बघू, कारण साधनं तोलताना ती बहुतेक वेळा कुणी बघत नाही. काकांच्या फोनचा कीबोर्ड मराठी आहे. त्यांनी डझनाच्या रकान्यात लिहिलं: १२. देवनागरीत. स्क्रीनने बेरजेच्या जागी ‘नॅन’ दाखवलं, म्हणजे ‘ही संख्याच नाही’. जावास्क्रिप्टला देवनागरी १२ हा आकडा वाटतच नाही. गंमत बघा, तीच जावास्क्रिप्ट दीड हजार ही संख्या मराठी पद्धतीने लिहायला सांगितली तर ‘१,५००’ असं देवनागरीत, स्वल्पविरामासकट लिहून दाखवते. लिहिते, वाचत नाही. तीनपैकी कुठल्याही बांधणीने हे आपण होऊन सांभाळलं नाही. शेवटी त्या मुलीने दहा ओळींचा एक भाग लिहिला: शून्य ते नऊ हे देवनागरी अंक आधी बदलून घ्यायचे, मग हिशेब करायचा.

आणि तयार संचातली बटणं. त्यांत अक्षरांमध्ये थोडी मोकळी जागा सोडायची सवय असते, इंग्रजीला ती शोभते. मराठीत तिने शिरोरेषा तुटते. ‘सर्व पेट्या’ हे दोन शब्द सुट्या सुट्या अक्षरांसारखे दिसतात. ओळीची उंची रोमन अक्षरांच्या मापाची, म्हणून ‘र्व’ वरचा रफार कापला जातो, ‘पुढे’ मधला उकार खाली दबतो. हे दुरुस्त करता येतं, प्रत्येक बटणाला, प्रत्येक तक्त्याला, संचाची नवी आवृत्ती आली की पुन्हा. म्हणून माझा सल्ला सरळ आहे: तयार संच निवडण्याआधी त्यात मराठी मजकूर भरून बघा. इंग्रजी नमुना बघून निवडू नका. अक्षरासाठी वेगळा फाँट उतरवायचीही गरज या दोघांना वाटली नाही. अँड्रॉइडमध्ये देवनागरी फाँट असतोच, तोच वापरला. जोडाक्षरांमुळे देवनागरी फाँटची फाइल मोठी होते, तो भार वाचला.

(दृश्य: पडवी. लॅपटॉप, पट्ट्यांचा गठ्ठा.)

संध्याकाळी पडवीत बसून त्यांनी जे ठरवलं ते मला पटलं. सबंध ॲप्लिकेशनला एकच साधन हवं, हा आग्रह सोडला. स्क्रीन कुठे उघडणार, हे आधी लिहून काढलं. काढणीची नोंद बागेत होते, फोनवर, रेंज असेल-नसेल. पट्टी, येणी-देणी, गिऱ्हाइकांची यादी घरात बघितली जाते, वाय-फायवर, निवांत. घरातल्या स्क्रीन सर्व्हरकडून एचटीएमएल आणि थोडं एचटीएमएक्स. बागेतली एक स्क्रीन स्वेल्टमध्ये, फोनवरच राहणारी.

ती फोनवर राहते कशी? सर्व्हिस वर्कर नावाची सोय ब्राउझरमध्येच असते. पहिल्यांदा रेंजमध्ये उघडली की ती स्क्रीनच्या फाइली फोनवर ठेवून घेते. नोंदी इंडेक्स्डडीबी या ब्राउझरच्या आतल्या साठ्यात जमतात आणि रेंज आली की सर्व्हरकडे निघतात. ऐकायला सोपं आहे, खरी अडचण पुढे येते. फोनवर दोन काड्या दिसतात, ब्राउझर म्हणतो ‘ऑनलाइन’, आणि काहीच जात नाही. त्याला एवढंच कळत असतं, की कुठल्यातरी नेटवर्कशी जोडणी आहे. नोंद गेली, पोच आली नाही, म्हणून फोनने ती पुन्हा पाठवली: वीस डझनाचे चाळीस झाले. यावर उपाय म्हणजे नोंद जन्मते तेव्हाच फोनने तिला स्वतःचा न जुळणारा क्रमांक द्यायचा. तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर सर्व्हर पोच देतो, नोंद पुन्हा करत नाही. फ्रेमवर्क कुठलंही घ्या, हे काम आपल्यालाच करावं लागतं.

जागा कमी पडली तर ब्राउझर साठा पुसूही शकतो, म्हणून तो टिकवून ठेवण्याची परवानगी मागून घ्यावी लागते. किनाऱ्यावर हे फार जपायला हवं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगड या भागात विजेचे खांब झोपले, कित्येक गावांत अनेक दिवस वीज नव्हती, फोन नव्हता. २०२१ च्या मेमध्ये तौक्ते याच किनाऱ्याजवळून गेलं, ऐन आंब्यात. अशा दिवशी हिशेब फोनवर शाबूत राहिला पाहिजे.

मग मोठी फ्रेमवर्क कुणी घ्यावीत? मालवण-तारकर्लीकडे होमस्टेच्या खोल्यांचं कॅलेंडर असतं. आडवे दिवस, उभ्या खोल्या, बुकिंग ओढून दुसऱ्या खोलीत टाकायचं, त्याच क्षणी दुसऱ्या फोनवर दुसरं कुणी तीच खोली देतंय. एका बदलाने पडद्यावर दहा जागी फरक पडतो. तिथे रिॲक्ट किंवा व्ह्यू घ्यावं, बिनदिक्कत घ्यावं. त्यांचे तयार कॅलेंडर मिळतात, आणि मुख्य म्हणजे ती वापरता येणारी मुलं मिळतात. स्वेल्ट जाणणारा माणूस कुडाळ-सावंतवाडीत शोधावा लागतो. ही दोघं उद्या पुण्याला नोकरीला गेली तर काय, हा प्रश्न घरातल्या बाईंनी विचारला आणि तो रास्त होता. म्हणून स्वेल्ट एका स्क्रीनपुरतंच ठेवलं, आणि ती स्क्रीन गरज पडली तर साध्या जावास्क्रिप्टमध्ये पुन्हा लिहिता येईल एवढीच ठेवली. कुठली आवृत्ती वापरली, सर्व्हर बंद पडला तर काय करायचं, नोंदींची प्रत कुठे ठेवली, हे मराठीत छापून फाइलला लावलं.

काकांनी जाता जाता आणखी एक मागणी केली आहे: वाशीहून आलेल्या पट्टीचा फोटो तिच्या नोंदीला जोडायचा. त्यासाठी कुठलंही साधन आणायला नको, फाइल घेण्याच्या साध्या एचटीएमएल रकान्यालाच कॅमेरा उघडायला सांगता येतं. फोटो मात्र फोनवरच लहान करून मग पाठवायला हवा, नाहीतर सड्यावर तो अर्ध्यातच अडकेल. मोहोर धरेपर्यंत तेवढं काम त्यांना उरकायचं आहे.